पांढरी एक, जरा उतरलेली

श्रेया, तू आधी फक्त ऐक. मध्ये बोलू नको, "अगं पण" करू नको, पाणी आणायला पण उठू नको. मी एकदा थांबले ना की परत मला हे बोलताच येणार नाही. तू पुण्याला होतीस, तुला फोनवर एवढंच कळलं की पप्पा भजनाच्या बारीत कोसळले आणि गेले. सगळ्यांना तेवढंच माहितीये. आईला पण तेवढंच.

सुरुवात चपलेपासून झाली. तू हसशील, आम्ही पण हसलो होतो. जूनमधली गोष्ट. पप्पा ऑफिसातनं आले, जिना चढून वर, गॅलरीतनं पूर्ण चालत आमच्या खोलीपर्यंत, आणि एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. शांताकाकू भांडी घासत होत्या, त्या ओरडल्या, "अरे जयवंता, दुसरी खय टाकलंस?" तर पप्पा खाली बघतात, पायाकडे, आणि त्यांचा चेहरा असा झाला जणू पाय दुसऱ्याच कुणाचा आहे. त्यांना माहीतच नव्हतं गं! परळ स्टेशनपासून भोईवाड्यापर्यंत एक चप्पल कुठेतरी निसटली आणि माणसाला पत्ता नाही. आई बोलली, "पिऊन आलात काय आज?" पप्पा तर सुपारी पण खात नाहीत. अख्खा मजला हसला. आठवडाभर येता-जाता लोक विचारायचे, "चप्पल आहेत ना दोन्ही?" पप्पा पण हसायचे.

मी त्या रात्री त्यांचा तळवा बघितला. बाटलीच्या काचेचा तुकडा, एवढा, टाचेत. मी चिमट्याने ओढून काढला तर ते पेपर वाचत होते. पान उलटलं त्यांनी.

शुगर चौदा वर्षांची. गोळ्या घ्यायचे, म्हणजे आठवण झाली की घ्यायचे. गणपतीत मोदक सोडायचे नाहीत, वर "देवाचा आसा, देव बघून घेतलो." तुला माहितीये ना कसे होते ते.

पण त्यांना भीती पायाची नव्हतीच. भीती हाताची. पप्पा पखवाज वाजवायचे हे तुला माहितीये, पण डबलबारी काय असते ते तू कधी बघितलं नाहीस, दादरवाली तू. दोन बुवा, दोन पार्ट्या, समोरासमोर बसायचं. एक पार्टी गाते, मग दुसरी उत्तर देते. देवाचंच नाव घ्यायचं, पण त्यात एकमेकांना असे टोमणे हाणायचे की पब्लिक शिट्ट्या मारते. आणि शेवटी गजर. लय चढत चढत जाते, बुवा, कोरस, झांज, सगळे पेटतात, आणि सगळं उभं असतं पखवाजावर. पखवाज पडला की बारी पडली. पप्पा अभय बुवांच्या पार्टीत बावीस वर्षं. मी झांजेवर, गेली चार वर्षं. मला पखवाज पण त्यांनीच शिकवलाय, सातवीत असल्यापासून. बोल न बोल पाठ आहे माझा. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

गेल्या वर्षी गिरगावच्या पार्टीबरोबर बारी होती. तिथे पप्पांचा डावा हात पडला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, माहितीये? त्याने तो खालचा घुमारा येतो, धुम्म. ती कणीक त्या दिवशी पातळ झाली, आवाज बसला, आणि पप्पांना हाताला ते कळलंच नाही. समोरच्या पार्टीचा पखवाजवाला हितेंद्र, लय माजोरडा, त्याने आपल्या बुवाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बुवाने लगेच गाण्यात घातलं, "पखवाजाला पेन्शन द्या, पांडुरंगा, पेन्शन द्या." कोरसने उचललं. पब्लिक खुर्च्यांवर उभी! आणि ते यूट्यूबवर गेलं. चाळीस हजार लोकांनी बघितलं, श्रेया. ऑफिसात लिफ्टमन पण पप्पांना "पेन्शन" बोलायचा. पप्पा घरी आले की मोबाईल उलटा ठेवून द्यायचे.

तर या वर्षी परत तीच जोडी. श्रावणातला शेवटचा रविवार, दुपारी तीन वाजता, परळच्या हॉलमध्ये. पप्पा मार्चपासून रियाज करत होते. आणि बारीच्या आधीच्या मंगळवारी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं.

कारण ते उठले की कपाट धरायचे. डोळ्यापुढे अंधारी. दोन जिने चढले की असे धापा टाकायचे जसं कुणी पाठी लागलंय. एप्रिलमध्ये एकदा जिन्यातच बसले, घामाघूम, उलटी येतेय बोलले. आईने लिंबू-सोडा दिला. ॲसिडिटी, बोलले सगळे. मी पण बोलले.

नाक्यावर माया मॅडमचं क्लिनिक आहे. तरुणच आहेत, तिशीच्या असतील. खूप शांत. मॅडमनी आधीच सगळं नीट सांगितलं. तेच तर आहे ना, त्यांनी *आधीच* सांगितलं. बोलल्या, "काका, शुगरने नसा मरतात. आधी पायाच्या, मग हाताच्या. आणि हृदयाकडे जातात त्या पण. त्या गेल्या की हार्ट ॲटॅक आला तरी छातीत दुखत नाही. नुसता घाम येतो, धाप लागते, मळमळतं, माणूस म्हणतो पित्त झालंय. म्हणून मी आज तुमच्या नसा तपासणार. पायाला काही कळत नसेल तर उद्याच हृदयाच्या तपासणीला पाठवणार. आणि तोपर्यंत तुमचा तो ढोल बंद."

"पखवाज," पप्पा बोलले.

"पखवाज बंद."

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

मॅडमनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक जाड दोरा घेतला, मासे पकडायचा तंगूस असतो ना तसा. तो तळव्याला टोचायचा आणि कळलं की "हो" बोलायचं. मॅडमनी टोचलं, पप्पा बोलले "हो". परत टोचलं. "हो." दहा वेळा, दहा "हो". दोन वेळा मॅडमनी मुद्दाम थांबून वाट बघितली, फसवायला, तर पप्पा गप्प! एकदम बरोबर! मी बघत होते, मला वाटलं अरे वा, पाय बरा आहे की. मग त्यांनी तो नादकाटा काढला, शाळेत सायन्सच्या लॅबमध्ये असायचा बघ, ठोकला की घुमतो तो. तो ठोकून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला. "काका, थरथर जाणवतेय?" "हो." "थांबली की सांगा." पप्पा मान वाकवून, डोळे मिटून, असे बसले होते. आणि मला ते बसणं माहितीये गं. पखवाज सुरात लावताना ते असेच बसतात. कान खाली करून.

तेव्हा मला ऐकू आलं. बारीक घूं असा आवाज, त्या काट्याचा. तो विझत विझत गेला, आणि बरोबर जिथे विझला तिथे पप्पा बोलले, "थांबली."

मॅडम खूष. "छान! माझ्यापेक्षा बरं जाणवतंय तुम्हाला." मग माझ्याकडे वळल्या. "घरी काही जाणवलंय? पायाला लागलं आणि कळलं नाही, असं काही?"

चप्पल माझ्या जिभेवर होती, श्रेया. काच जिभेवर होती. पप्पांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यात त्यांनी मला कधी काही मागितलं नाही. कॉलेजच्या फीचं पण कधी तोंडातनं काढलं नाही.

मी बोलले, "नाही मॅडम."

त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, तरी पण ईसीजी काढून ठेवा असं चिठ्ठीवर लिहिलं, सवडीने.

खाली टपरीवर पप्पांनी दोन बिनसाखरेचे चहा घेतले आणि हसायला लागले. पोरासारखे! "पांढरी एक," बोलले. "जरा उतारलेली." पेटीवरची पट्टी सांगत होते, त्या काट्याची! आणि टोचणं कसं कळलं? तर मॅडमच्या हातात घड्याळ आणि एक काचेची बांगडी होती. "घड्याळाक बांगडी लागली काय हो म्हणूचा. नाय लागली तर गप. सोपा आसा." मी पण हसले. खरंच हसले, एवढं भारी वाटलं मला तेव्हा, काय कान आहे माणसाचा! मग मी विचारलं, "म्हणजे पायाला काहीच कळलं नाही?"

ते चहाच्या ग्लासकडे बघत बोलले, "गुडघ्यापासून खाली काय्येक नाय. हाताक पण बोटांपर्यंत इलाहा. आयेक सांगू नको. रविवारची बारी होऊ दे. सोमवारी मी सोता मॅडमकडे जातंय, सगळा सांगतंय. देवाशप्पथ."

पाच दिवस. मला वाटलं पाच दिवसांत काय होतंय.

रविवारी हॉल फुल. बाल्कनीत पण लोक उभे. आम्ही मागच्या खोलीत तयारी करत होतो. पप्पांनी परातीत कणीक घेतली, "पाणी ओत गो." माझ्या पिशवीत दोन बाटल्या होत्या, एक साधी आणि एक थर्मास, बुवांच्या गळ्यासाठी उकळतं पाणी. मी घाईत थर्मास ओतला. वाफ माझ्या तोंडावर आली, मी ओरडले, आणि पप्पा त्यात हात घालून मळत होते. मळत होते, श्रेया! मी त्यांचं मनगट धरून बाहेर ओढलं. बोटं लालबुंद. ते बोलले, "गरम आसा काय? माका वाटला थंड." मी साध्या पाण्याने कणीक परत मळून दिली. त्यांनी पंच्याने हात पुसले आणि बाहेर पब्लिकचा आवाज आला.

पहिल्या फेरीत ते असे वाजले ना, काय सांगू तुला. हाताला कळत नव्हतं तर सगळं कानावर. डोळे मिटून, मान तिरकी. समोर हितेंद्रचं तोंड एवढंसं झालेलं. अभय बुवांनी चान्स सोडला नाही, "पेन्शन मागायला आलास, पांडुरंगा, पगार घेऊन जा!" हॉल फुटला. पप्पा हसले. ते हसणं व्हिडिओत आहे.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मला घाम दिसला. घाम सगळ्यांनाच येतो, पंखे कसले तिथे. पण हा वेगळा, सदरा छातीला चिकटलेला आणि चेहरा राखेसारखा. ओठ पांढरे. समोरची पार्टी गात होती तेव्हा मी त्यांच्याकडे सरकले. "पप्पा, काय होतंय?"

"शुगर उतारली वाटता."

मी पर्समधनं ग्लुकोजची पुडी काढून तोंडात टाकली त्यांच्या. पाणी दिलं. त्यांना ओकारी आली, गिळली त्यांनी. मी विचारलं, "छातीत दुखतंय?"

"नाय गो. काय्येक दुखणा नाय."

आणि मला हायसं वाटलं! तुला कळतंय का मी काय सांगतेय? मंगळवारी त्या बाईने सांगितलेलं, घाम, धाप, मळमळ, दुखणार नाही. शब्दाला शब्द. सगळं माझ्यासमोर बसलेलं होतं आणि मी हेच धरून बसले की दुखत नाही ना, मग बरं आहे. नाही, खोटं कशाला बोलू. आत कुठेतरी मला आठवलं होतं. मी बोलले, "पप्पा, मी बसते पखवाजावर. तुम्ही मागे जा, पडा जरा."

त्यांनी पखवाज मांडीवर असा दाबून धरला. "हात लावू नको. मधनं उठलो तर हितेंद्र काय म्हणात? तू झांज धर."

तेवढ्यात बुवांनी गजर उचलला.

मी झांज खाली ठेवली असती तर गजर तिथेच तुटला असता. बास, तेवढंच करायचं होतं. ठेवायची. दोन पितळी वाट्या सतरंजीवर ठेवायच्या. लोक ओरडले असते, बुवांनी आयुष्यभर माझं तोंड बघितलं नसतं, हितेंद्रने गाणं केलं असतं. आणि हॉलपासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर.

मी वाजवत राहिले.

पप्पांचा डावा हात मागे पडायला लागला, केसाएवढा. पब्लिकला नाही कळणार, मला कळलं. मी लय किंचित खाली आणली, त्यांना सांभाळून घ्यायला. तर बुवांनी मान वळवून माझ्याकडे असे डोळे वटारले! आणि मी चढवली. मी चढवली, श्रेया. झांजेने लय चढवली की पखवाजाला यावंच लागतं. ते आले. जिथपर्यंत नेलं तिथपर्यंत आले. शेवटची तिहाई, तोच बोल तीनदा, बरोबर समेवर टाकली त्यांनी, हॉल उभा राहिला, शिट्ट्या, टाळ्या, समोरच्या पार्टीतले पण टाळ्या वाजवत होते, हितेंद्र हात जोडून उभा.

आणि पप्पांनी पखवाजावर डोकं टेकलं.

आमच्यात टेकतात. बारी संपली की वाद्याला नमस्कार करतात, सगळेच करतात, मी पण झांजेला केला. म्हणून कुणाला काही वाटलं नाही. लोक त्यांचे फोटो काढत होते, डोकं टेकलेले. कुणी फुलं टाकली. मी मान वर केली, ते तसेच. बुवा बोलले, "जयवंत, बास रे, देव पावला." मी हात लावला तर कपाळाला कणीक लागलेली आणि अंग थंडगार.

जीव होता. टॅक्सीत श्वास चालू होता. हॉस्पिटलमध्ये घेतलं लगेच, सगळं केलं त्यांनी. तिथल्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून विचारलं, "हे कधी सुरू झालं? सकाळी काही तक्रार?" मी बोलले, "नाही." ते बोलले, "ॲटॅक बराच आधी सुरू झालाय, दोन-तीन तास तरी. आणि हा पहिला नाही. हृदयाचा एक भाग आधीच मेलेला दिसतोय. काही महिन्यांपूर्वी एक येऊन गेलाय, तुम्हाला कळलं नाही?"

एप्रिल. लिंबू-सोडा.

सोमवारी सकाळी साडेदहाला गेले. ज्या सोमवारी ते स्वतः मॅडमकडे जाणार होते.

तो व्हिडिओ पण वर गेलाय. दोन लाख लोकांनी बघितलाय. खाली लिहितात, "असं मरण भाग्यवंताला", "देवाने मांडीवर घेतलं". एकाने लिहिलंय, "झांजवाली पोरगी काय पेटलीये, वाघीण!" चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला मी त्यांच्याकडे बघते आणि मग समोर बघते. मी ते किती वेळा बघितलं ते विचारू नको.

आणि आई. आई येईल त्याला सांगते, "त्यांना काहीच दुखलं नाही हो. पुण्यवान. एवढा मोठा ॲटॅक, पण चेहऱ्यावर आठी नाही. माझ्या देवाने त्यांना दुखू दिलं नाही." या एका वाक्यावर जेवते ती. मी शपथेवर सांगते, ते वाक्य काढून घेतलं तर ती उठणार नाही.

आता काल काय झालं ते ऐक, त्याच्यासाठी तुला बोलावलं. काल तेराव्याला माया मॅडम आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. पांढरा ड्रेस, हातात तीच बांगडी. खाली चटईवर बसल्या. आई त्यांना तेच सांगत होती, दुखलं नाही, दुखलं नाही, आणि मॅडमचा चेहरा उतरत चालला होता, कारण त्यांना माहितीये ना ते का दुखलं नाही. आई चहा आणायला उठली, म्हणजे कुठे जाणार, चार पावलांवर ओटा, सगळं ऐकू जातं. तर मॅडम माझ्याकडे वाकल्या आणि हळू बोलल्या, "अपेक्षा, मी झोपले नाहीये गं. मी स्वतः तपासलं होतं त्यांना. दहापैकी दहा बरोबर होतं. काटा पण कळला. मग हे कसं झालं? माझं काय चुकलं? मी आता पेशंटच्या पायाला हात लावला की मला वाटतं मला तपासताच येत नाही. तू होतीस ना तिथे. खरंच कळत होतं ना त्यांना?"

डोळ्यात पाणी त्यांच्या. डॉक्टरच्या. आणि ओट्यापाशी आईने कप खाली ठेवले. आवाज आला मला. ती ऐकत होती.

सांगितलं असतं तर ही बाई काल रात्री झोपली असती. आणि आईला कळलं असतं की नवऱ्याने फसवलं आणि पोरीने साथ दिली, चप्पल, काच, उकळतं पाणी, गजर, सगळं. देवाने दुखू दिलं नाही वगैरे काही नाही. नाही सांगितलं तर मॅडम रोज दहा पेशंटचे पाय हातात घेणार आणि स्वतःच्याच हातांवर त्यांचा भरवसा नसणार.

त्यांनी माझा हात धरला होता. बांगडी घड्याळाला लागली. टिक.

मी बोलले, "हो."

त्या गेल्या चहा न पिता. आईने तो चहा परत पातेल्यात ओतला आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तिने काय ऐकलं, तिला काय कळलं, मला माहीत नाही. मॅडमचं क्लिनिक संध्याकाळी सहाला उघडतं, आता साडेपाच झालेत.

आता बोल. आता बोललीस तरी चालेल. तू असतीस माझ्या जागी, हात त्यांच्या हातात आणि आई पाठीमागे उभी, तर तू काय केलं असतंस?